आरसी बोटीचे वॉटर कूलिंग सुधारताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ब्रशलेस मोटरची आरसी (रिमोटने चालणारी) बोट विकत घेतली की खोक्यावर ‘वॉटर कूल्ड’ असे छापलेले असते आणि झाकण उघडले की आत सिलिकॉनच्या नळ्याही दिसतात. त्यामुळे बोट थंड ठेवण्याची सोय झालेलीच आहे असे समजून बहुतेक नवखे बॅटरी चार्ज करून थेट तलाव गाठतात. मग भर उन्हात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बोट मंदावते किंवा तळ्याच्या मध्यावर थांबते, आणि घरी आल्यावर मोठे वॉटर जॅकेट (मोटरभोवती पाणी फिरवणारे कवच), दुहेरी पिकअपचा रडर (पाणी आत घेणारी दोन तोंडे असलेले सुकाणू), जास्त अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) अशी खरेदीची यादी तयार होऊ लागते. ही खरेदी जरा थांबवावी, कारण बोट तापण्याची कारणे तीन वेगवेगळी असतात आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत. एक तर उष्णताच गरजेपेक्षा जास्त तयार होत असते. किंवा पाणी पुरेसे वाहत नसते. किंवा पाणी व्यवस्थित वाहत असते, पण तापलेल्या भागातली उष्णता त्या पाण्यापर्यंत पोहोचत नसते. पुढच्या पायऱ्या या तिन्हींपैकी आपले कारण कोणते हे शोधून मगच हत्यारे हातात घेण्यासाठी आहेत.

उदाहरणासाठी मी ७० ते ८० सेंटिमीटर लांबीची डीप-व्ही (खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची) बोट, ३६७४ आकाराची (म्हणजे ३६ मिमी व्यासाची आणि ७४ मिमी लांबीची) इनरनर मोटर (जिचा आतला भाग फिरतो आणि बाहेरचे कवच स्थिर असते), १२० अँपिअरचा ईएससी आणि ४ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी अशी जोडणी धरली आहे. तुमची बोट लहान असेल तर आकडे कमी होतील, पण पद्धत बदलणार नाही.

लागणारे साहित्य

- आतून ४ मिमी व्यासाची, जाड भिंतीची सिलिकॉन नळी, सुमारे दीड मीटर
- इन्फ्रारेड थर्मामीटर आणि काळी इन्सुलेशन टेप
- ठरावीक तापमानाला कायमचा रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या (मिळाल्यास)
- १ लिटरची प्लास्टिकची बाटली, मोजपात्र आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच
- सुईविना २० मिलीची सिरिंज
- गोल कानस, बारीक पॉलिश पेपर, लहान ड्रिल बिट
- लहान केबल टाय, सिलिकॉन ग्रीस, दोन भागांचे इपॉक्सी
- ईएससीसोबत आलेली माहितीपुस्तिका

माशांच्या टाकीसाठी मिळणारी पारदर्शक हवेची नळी स्वस्त असते आणि मापातही बसते, पण ती बहुधा पीव्हीसीची असते. उष्णतेने ती मऊ होऊन वळणावर मोडते आणि काही महिन्यांत कडक पडून निपलवरून (नळी जिच्यावर चढवतात त्या छोट्या तोटीवरून) सुटते. तेवढे पैसे वाचवू नयेत.

१. आधी तापमान मोजा, आणि ते नीट मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनिअमवर रोखला तर तो प्रत्यक्षापेक्षा खूप कमी तापमान दाखवतो, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी उत्सर्जित करत नाही आणि आजूबाजूच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो. म्हणून मोटरवर आणि ईएससीच्या धातूच्या पट्टीवर काळ्या टेपचा छोटा चौकोन चिकटवा आणि नेहमी त्याच जागी मोजा.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. जॅकेट बसवलेल्या मोटरचे बाहेरचे कवच पाण्यामुळे थंड लागते, पण आतला रोटर (चुंबक बसवलेला फिरणारा भाग) फक्त हवेच्या बारीक फटीतून आणि बेअरिंगमधून उष्णता बाहेर टाकू शकतो. कवचाला हात लावून ‘मोटर तर थंडच आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मोटरमधले चुंबक तेव्हा तापलेले असू शकतात. जॅकेट असेल तर मोटरच्या पुढच्या तोंडावर, शाफ्टच्या शक्य तितके जवळ मोजा. साध्या प्रतीच्या निओडिमिअम चुंबकांची मर्यादा ८० अंश सेल्सिअस धरली जाते. ‘एच’ प्रतीची १२० आणि ‘एसएच’ प्रतीची १५० अंश. तुमच्या मोटरमध्ये कोणती प्रत आहे हे सहसा कुठेच लिहिलेले नसते, त्यामुळे पुढच्या तोंडावर ७० अंशांच्या वर आकडा गेला की सावध व्हावे, असा माझा नियम आहे. ईएससीची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अनेक ईएससी १०० अंशांच्या आसपास स्वतःहून शक्ती कमी करतात किंवा बंद पडतात. लायपो बॅटरी ६० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये.

बोट काठाला आल्याबरोबर एकदा आणि दोन मिनिटांनी पुन्हा एकदा मोजा. बोट थांबली की पाणीही थांबते आणि आत साठलेली उष्णता हळूहळू बाहेरच्या कवचापर्यंत येते, त्यामुळे दुसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा असतो. चालत्या बोटीतले कमाल तापमान हवे असेल तर रंग बदलणाऱ्या पट्ट्या उपयोगी पडतात. काही ईएससी कमाल तापमानाची नोंद स्वतःच ठेवतात. ती सोय असेल तर अवश्य वापरा.

२. उष्णता कमी तयार होईल असे पाहा

पाणी कितीही वाढवले तरी न सुटणारी अडचण या पायरीत सापडते. प्रोपेलरला लागणारी शक्ती ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे फेरे तेवढेच ठेवून ४२ मिमीचा प्रोपेलर काढून ४० मिमीचा लावला, तर भार सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. वेगात पडणारा फरक त्या मानाने थोडा असतो. बोट घेतल्यावर जास्त वेगाच्या मोहाने मोठा प्रोपेलर लावला असेल, तर आधी मूळ प्रोपेलर परत लावून तापमान मोजा.

याच वेळी बॅटरी काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो कुठे अडकत असेल, फ्लेक्स शाफ्टला (मोटरपासून प्रोपेलरपर्यंतच्या लवचिक दांड्याला) ग्रीस नसेल, किंवा मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील, तर तेवढी शक्ती घर्षणात जाऊन उष्णता होते. फ्लेक्स शाफ्ट बाहेर काढून पुसून त्याला नवे मरिन ग्रीस लावण्याची सवय ठेवा. बॅटरीपासून ईएससीपर्यंतच्या वायर लांब करू नका, कारण त्यामुळे ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येऊन ते तापतात. अंतर वाढवणे भागच असेल तर ईएससी आणि मोटर यांच्यामधल्या तीन वायर वाढवणे त्या मानाने सुरक्षित असते.

दुर्लक्ष केल्यास ही अडचण स्वतःच वाढत जाते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. मोटरची गुंडाळी ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली की रोध चतुर्थांशाहून अधिक वाढतो, आणि तेवढ्याच प्रवाहाला आणखी उष्णता तयार होते.

३. बाटली टांगून प्रवाह मोजा

किती पाणी लागते याचा हिशोब सोपा आहे. १४.८ व्होल्टला सरासरी ८० अँपिअर म्हणजे जवळपास १,१८० वॉट. त्यातले १५ टक्के मोटर आणि ईएससीमध्ये उष्णता होतात असे धरले तर सुमारे १८० वॉट बाहेर काढायचे आहेत. मिनिटाला अर्धा लिटर पाणी वाहत असेल तर ही सगळी उष्णता घेऊनही पाणी फक्त ५ अंशांनी तापते. तेच पाणी मिनिटाला १०० मिली झाले तर २६ अंशांनी तापते. म्हणून अर्ध्या लिटरच्या पुढे प्रवाह वाढवण्याची धडपड फारशी फळ देत नाही, पण १०० मिलीच्या खाली घसरलेला प्रवाह घातक ठरतो. थंड देशांतले छंदिष्ट देतात ते सल्ले वाचताना हेही ध्यानात असू द्या की आपल्याकडे उन्हाळ्यात उथळ तळ्याच्या वरच्या थरातले पाणीच ३० अंशांच्या आसपास असू शकते, त्यामुळे आपल्या हातातली सवलत मुळातच कमी असते.

आता प्रत्यक्ष प्रवाह मोजू. बॅटरी काढून ठेवा. बाटलीचा तळ कापा, ती उलटी टांगा आणि बुचाला बसवलेली जरा मोठ्या व्यासाची नळी बोटीच्या पाणी घेण्याच्या तोंडाला जोडा. बाटलीतली पाण्याची पातळी बोटीच्या आउटलेटपासून १ मीटर उंच ठेवा आणि वरून पाणी ओतत ती तेवढीच राखा. आउटलेटमधून येणारे पाणी एक मिनिट मोजपात्रात धरा. १ मीटर उंचीचा दाब हा ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीच्या पिकअपवर जास्तीत जास्त येऊ शकणाऱ्या दाबाइतका असतो, त्यामुळे मध्यम वेगात काय घडते याचा चांगला अंदाज घरच्या घरी मिळतो.

मिनिटाला ४०० ते ५०० मिली आले तर वाहिनीत अडचण नाही. त्याहून बरेच कमी आले तर एकेक भाग वगळून पुन्हा मोजा: आधी मोटरचे जॅकेट वगळा, मग ईएससी, मग पिकअप. ज्या भागाला वगळल्यावर पाणी एकदम वाढते, तिथे अडथळा आहे. बहुतेक वेळा तो अडथळा नळीत नसून निपलच्या बारीक भोकात असतो. नळी आतून ४ मिमी असली तरी तिच्यात शिरणाऱ्या निपलचे भोक २ मिमीच असू शकते, आणि तेवढाच प्रवाह ठेवायचा तर व्यास कमी होताना लागणारा दाब व्यासाच्या चौथ्या घाताने, किंबहुना त्याहूनही जास्त दराने वाढतो. निपलची भिंत पुरेशी जाड असेल तरच भोक ड्रिलने हलकेच वाढवा, आणि भोकाच्या कडेला राहिलेले धातूचे खरखरीत कंगोरे कानसीने काढा. शक्य असेल तर निपल बदललेलाच बरा.

४. पाणी घेण्याचे तोंड योग्य जागी आणा

पिकअपवर येणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला तो जास्तीत जास्त ५ मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो, १८ किलोमीटरला सव्वा मीटर, आणि ताशी ३.६ किलोमीटर वेगाला जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणूनच सावकाश फिरणाऱ्या बोटीत पाणी मोटरच्या माथ्यापर्यंत चढतच नाही. टगबोट किंवा मोठ्या मॉडेल जहाजासारख्या संथ बोटींसाठी प्रोपेलरच्या मागे, त्याच्या झोतात तोंड ठेवलेली नळी किंवा लहान विद्युत पंप हाच मार्ग आहे. वेगवान बोटीलाही काठाजवळ रेंगाळत ठेवू नये, याचे कारण हेच.

वेगवान बोटीत दोन पर्याय असतात. एक म्हणजे हलच्या (बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या) तळातून खाली डोकावणारी नळी. तिचे तोंड पुढच्या दिशेने ४५ अंशांत तिरपे कापलेले असावे आणि ती ३ ते ५ मिमीच बाहेर यावी. त्याहून जास्त काढली तर पाणी वाढण्याऐवजी ओढ वाढते. जागा निवडताना नवखे हमखास फसतात. स्थिर बोटीचा तळ पूर्ण भिजलेला दिसतो, पण वेगात बोट उचलली जाते आणि फक्त मागचा थोडा भाग पाण्याला टेकलेला राहतो. पिकअप त्या भागात, मागच्या फळीजवळ, आणि प्रोपेलरने उडवलेल्या फेसापासून दूर हवा. दुसरा पर्याय रडरमधून पाणी घेण्याचा. त्याच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूला भोक असते आणि ते जवळपास नेहमी पाण्यात राहते, म्हणून मला हा पर्याय जास्त भरवशाचा वाटतो. मात्र तीव्र वळणात रडरच्या पात्याभोवती हवा शिरते आणि पाणी क्षणभर तुटते. आउटलेटची धार वळणावर खंडित होऊन सरळ रेषेत पुन्हा सुरू होत असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

हलला नवीन भोक पाडायचे ठरवलेच, तर आतल्या बाजूला पातळ प्लायवुड किंवा फायबरचा तुकडा इपॉक्सीने चिकटवून तिथे जाडी वाढवा आणि मगच ड्रिल चालवा. बाजारात सहज मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट बोटीच्या आत वापरू नका. त्यातून निघणारे ॲसेटिक आम्ल तांब्याच्या जोडांना आणि इलेक्ट्रॉनिक भागांना खराब करते.

५. नळ्यांचा मार्ग आखा

नळी शक्य तितकी आखूड हवी, पण ओढून ताणलेली नको. वळण मोठ्या गोलाईचे ठेवा. जागेअभावी काटकोन घ्यावाच लागला तर तिथे पितळी किंवा ॲल्युमिनिअमचा वळवलेला तुकडा घाला, किंवा नळीवर बाहेरून स्प्रिंग चढवा, म्हणजे ती दबणार नाही. झाकण बसवल्यावर ते नळी दाबत नाही ना, हे विशेष पाहा. झाकण उघडे असताना सगळे ठीक दिसते आणि ते लावताच नळी चपटी होते, असा प्रकार छोट्या बोटींत फार आढळतो. फिरणाऱ्या कपलिंगपासून नळी केबल टायने बांधून दूर ठेवा. प्रत्येक निपलवरही छोटा केबल टाय हवा, मात्र नळी चिरेल इतका आवळू नका.

६. पाणी आधी कुठे जाईल ते ठरवा

एकच पिकअप असेल तर पाणी आधी ईएससीमधून आणि मग मोटरमधून न्यावे, कारण ईएससीतले अर्धवाहक भाग लहान असतात आणि उष्णतेने लवकर दगावतात. दोन पिकअप आणि दोन आउटलेट करता आले तर ईएससी आणि मोटर यांना स्वतंत्र वाहिनी देणे सर्वांत चांगले. प्रत्येक वाहिनीतला अडथळा कमी होतो आणि एक तुंबली तरी दुसरी चालू राहते.

टी-जोड लावून एकाच पिकअपचे पाणी दोघांत वाटण्याचा मोह मात्र टाळा. पाणी सोप्या वाटेने जाते, त्यामुळे रुंद जॅकेटला भरपूर आणि ईएससीच्या बारीक नळीला थेंबभर अशी विभागणी होते. शिवाय आउटलेटमधून धार दिसत राहिल्याने हे काठावरून लक्षातही येत नाही.

७. जॅकेट बसवताना

जॅकेट मोटरच्या व्यासाचेच हवे, म्हणजे आपल्या उदाहरणात ३६ मिमीचे. मोटरचे कवच पॉलिश पेपरने हलके साफ करा, ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावा आणि जॅकेट फिरवत-फिरवत सरकवा. कोरडी ओ-रिंग ढकलली की ती चिरते. जॅकेटचा पाण्याचा भाग आतल्या गुंडाळीच्या वर आला पाहिजे. पाणी खालच्या निपलमधून आत आणि वरच्या निपलमधून बाहेर जाईल असे जॅकेट फिरवा. दोन्ही निपल खाली राहिले तर वरच्या अर्ध्या भागात हवा अडकून बसते; पाणी भरपूर वाहते, आउटलेटचे पाणी थंडगार असते आणि मोटर तरीही तापते. सुरुवातीला सांगितलेले तिसरे कारण ते हेच.

आउटरनर मोटरचे बाहेरचे कवचच फिरत असल्याने तिला जॅकेट घालता येत नाही. तिच्यासाठी पाण्याने थंड होणारी माउंट-प्लेट मिळते.

८. आउटलेट

आउटलेट पाण्याच्या पातळीच्या वर, बोटीच्या बाजूला ठेवा आणि तुम्ही बोट ज्या दिशेने फिरवता त्या दिशेने जाताना तुमच्याकडे जी बाजू येते ती निवडा. मागच्या फळीवर ठेवले तर प्रोपेलरच्या फवाऱ्यात धार दिसत नाही. तोंड पुढच्या दिशेला कधीही नको.

९. तलावावरची पहिली चाचणी

घरून निघण्यापूर्वी सिरिंजने पिकअपमधून पाणी दाबा आणि सगळे जोड कोरडे राहतात का ते टिश्यू पेपर लावून पाहा. जागेची परवानगी ज्यांच्याकडे असते, ती ग्रामपंचायत, महापालिका किंवा पाटबंधारे खाते यांच्याकडे विचारणा केलेली असावी.

पहिली फेरी एक ते दीड मिनिटाचीच ठेवा, बोट काठाला आणा, झाकण उघडा आणि तापमान मोजा. सगळे मर्यादेत असेल तर दर फेरीला एक मिनिट वाढवा. आउटलेटची नळी बोटांत धरून पाहा. ती गरम लागत असेल तर प्रवाह कमी आहे, तिसऱ्या पायरीकडे परत जा. ती थंड आणि मोटर गरम असेल तर जॅकेटमधली हवा काढा. तरीही फरक पडला नाही तर प्रोपेलर लहान करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

धार बंद पडलेली दिसताच थ्रॉटल कमी करून बोट सावकाश परत आणा. बोट मध्येच थांबली तर तिच्यामागे पाण्यात उतरू नका. तळ्यांतला गाळ आणि जलपर्णीची मुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही गुंतवतात. मासेमारीच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेकून ओढणे हा जुना आणि बिनधोक उपाय आहे.

१०. निगा

शेवाळ, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे आणि जलपर्णीचे धागे पिकअपच्या तोंडात अडकतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तोंड पाहा आणि सिरिंजने आउटलेटच्या बाजूने उलटे पाणी मारून कचरा बाहेर काढा. तोंडावर बारीक जाळी लावण्याची कल्पना चांगली वाटते, पण जाळी स्वतःच लवकर तुंबते. मी ती लावत नाही.

खाडीत किंवा समुद्रात बोट चालवली असेल तर घरी आल्याबरोबर किमान दोन लिटर गोडे पाणी वाहिनीतून सोडा. खाऱ्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना जोडलेले असतील तर ॲल्युमिनिअम झपाट्याने खाल्ले जाते. क्षारयुक्त पाण्यात नियमित चालणाऱ्या बोटीच्या जॅकेटमध्ये चहाच्या भांड्यात बसतो तसा पांढरा थर बसतो आणि उष्णता अडवतो. मोटर बोटीतून काढून जॅकेट सोडवा, ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा, मऊ ब्रशने घासा आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवा; ॲल्युमिनिअम आम्लात रात्रभर ठेवू नका. शेवटी सिरिंजने हवा मारून नळ्यांतले पाणी काढा, झाकण उघडे ठेवून बोट सावलीत वाळवा आणि हंगाम संपल्यावर ओ-रिंग बदलून टाका.